वाडग्याबाहेरचं जेवण

तुमच्या घरी कुत्रा असेल तर हा प्रश्न तुम्हाला चुकलेला नसणार: याला घालायचं काय? प्राण्यांचे डॉक्टर म्हणतात, पाकिटातलं कोरडं खाणं द्या, त्यात सगळं मोजून घातलेलं असतं. मोबाईलवर कुणीतरी छातीठोकपणे सांगत असतो की कुत्रा म्हणजे पाळलेला लांडगाच, त्याला कच्चं मांस आणि हाडं द्या, धान्याला हात लावू देऊ नका. आणि गावाकडची मावशी म्हणते, "आमच्या मोत्याने जन्मभर दूध-भाकरी खाल्ली. त्याला काय झालं?"

गंमत म्हणजे आपलं तेच 'नैसर्गिक', असं तिन्ही पक्षांचं म्हणणं असतं.

मी प्राण्यांची डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. माझी पीएचडी पोषणशास्त्राच्या इतिहासावर चालू आहे, म्हणजे माणसांच्या खाण्यावर. पण गेली तीन वर्षं जुने शोधनिबंध वाचताना मला पानोपानी कुत्रेच भेटतायत. जीवनसत्त्वांबद्दल आपल्याला जे कळलं, त्यातलं बरंचसं कुत्र्यांना उपाशी, अर्धपोटी किंवा एकाच प्रकारच्या अन्नावर ठेवून कळलेलं आहे. त्या निबंधांत कुत्र्यांना बहुधा नावं नसतात, क्रमांक असतात. ते वाचताना मावशीचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, कारण तो वाटतो तितका भाबडा नाही. मोत्याला खरंच काय झालं नाही आणि प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना मात्र झालं. हे कसं?

आधी भाकरीबद्दल. दूध-भाकरी ही काही आपल्या गरिबीतून आलेली तडजोड नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला नावाच्या रोमन लेखकाने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात राखणीच्या कुत्र्यांना काय घालावं ते सांगितलंय: गुरं असतील तिथे सातूचं पीठ आणि दुधाची निवळ, आणि द्राक्षमळ्यासारख्या ठिकाणी, जिथे दूध नाही, तिथे भाकरी आणि शिजवलेल्या शेंगदाण्यांचं (म्हणजे बाकल्यासारख्या कडधान्याचं, आपल्या भुईमुगाचं नव्हे) कोमट पाणी. त्याच्याही आधी वॅरोने दुधात भिजवलेली सातूची भाकरी सांगितली आहे. सोलापूरच्या एखाद्या वस्तीवर आज सकाळी जे घातलं गेलं असेल, त्यापेक्षा हे फार वेगळं नाही.

'कुत्रा म्हणजे लांडगा' या म्हणण्याला सर्वात मोठा धक्का २०१३ साली बसला. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक ॲक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी लांडगे आणि कुत्रे यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्टमय पदार्थ पचवायला ॲमायलेज नावाचं विकर लागतं. ते बनवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात साधारण दोनच प्रती सापडतात, तर कुत्र्यांमध्ये चारपासून तीसपर्यंत. माणूस शेती करू लागला, धान्य शिजवू लागला आणि त्याच्या दाराशी राहणाऱ्या प्राण्याचं पोट त्याच्यासोबत बदललं. सगळ्यांचं सारखं नाही बदललं. ऑस्ट्रेलियातला डिंगो शेतीपासून दूर राहिला, त्याच्यात या प्रती लांडग्याइतक्याच आहेत. म्हणजे 'कुत्र्याचं नैसर्गिक अन्न' कुठल्या कुत्र्याचं, असंही विचारावं लागतं.

तर धान्य पचतं. पण पचणं आणि पुरणं यात फरक आहे, आणि इथून पुढची सगळी गोष्ट त्या फरकाची आहे.

१८१६ साली पॅरिसमध्ये फ्रांस्वा माजांदी या शरीरशास्त्रज्ञाने एका कुत्र्याला फक्त साखर आणि शुद्ध पाणी द्यायला सुरुवात केली. पहिले काही दिवस कुत्रा मजेत होता. मग तो वाळत गेला, डोळ्यांच्या बुबुळांना जखमा झाल्या आणि महिन्याभरात तो मेला. माजांदीने तेल, डिंक, लोणी असे एकेक पदार्थ घेऊन हेच पुन्हा केलं. क्रूर वाटतं, आहेच क्रूर. पण त्यामागे एक सार्वजनिक प्रश्न होता. पॅरिसच्या इस्पितळांत गरिबांना हाडं उकळून काढलेल्या जिलेटिनचं सूप दिलं जायचं, आणि हे मांसाइतकंच पौष्टिक आहे असा दावा होता. माजांदी ज्या समितीवर होता तिने १८४१ मध्ये अहवाल दिला की निव्वळ जिलेटिनवर कुत्रे जगत नाहीत. गरिबांच्या वाटीतल्या सुपाची परीक्षा कुत्र्यांच्या वाडग्यात झाली. हा प्रकार पुढे वारंवार होतो.

कुत्र्याचं खाणं विकत मिळू लागलं ते १८६० च्या सुमारास. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा माणूस, वीजवाहक सळया विकायला लंडनला गेलेला. गोदीत जहाजावरची शिळी कडक बिस्किटं कुत्रे खाताना त्याला दिसले आणि कल्पना सुचली, अशी दंतकथा आहे. खरी असो-नसो, त्याने गव्हाचं पीठ, भाजी आणि सुकवलेलं मांस यांची बिस्किटं बाजारात आणली. मांस अमेरिकेच्या कुरणांवरच्या जनावरांचं, असा दावा होता. गिऱ्हाईक कोण? शिकारी कुत्री पाळणारे श्रीमंत. त्याच कंपनीत कामाला लागलेल्या चार्ल्स क्रुफ्ट या पोराने पुढे १८९१ मध्ये कुत्र्यांचं ते जगप्रसिद्ध प्रदर्शन सुरू केलं. जातिवंत कुत्रा आणि विकतचं खाणं हे असे बरोबरच वाढले. मला मात्र या सगळ्यात एकच बदल महत्त्वाचा वाटतो: ताटातलं उरलंसुरलं कुत्र्याला घालणं ही जी शहाणपणाची गोष्ट होती, ती हळूहळू निष्काळजीपणाची खूण ठरली.

आता एडवर्ड मेलनबी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये मुडदूस इतका होता की औद्योगिक शहरांत वाकड्या पायांची मुलं हे रोजचं दृश्य होतं. कारणावरून भांडण चालू होतं. ग्लासगोचे डॉक्टर म्हणत, कोंदट घरं आणि मोकळं हिंडायला न मिळणं हे कारण. मेलनबीला अन्नाचा संशय होता. त्याने लंडनमध्ये कुत्र्यांची पिल्लं घरात कोंडून ठेवली आणि त्यांना गरिबाघरचं खाणं दिलं: ओटची लापशी, पाव, थोडं दूध. पिल्लांना मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं की टळला. १९१९ मध्ये त्याने हे 'लॅन्सेट'मध्ये छापलं. त्यातला गुणकारी घटक वेगळा काढून त्याला 'ड' जीवनसत्त्व म्हणणं हे अमेरिकेतल्या एल्मर मॅककॉलमने १९२२ मध्ये केलं.

मेलनबीच्या प्रयोगात एक नशिबाचा भाग होता. माणसाच्या कातडीत ऊन पडलं की 'ड' जीवनसत्त्व बनतं. कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं बनत नाही, हे फार नंतर कळलं. कुत्र्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. म्हणजे ग्लासगोवालेही माणसांपुरते अर्धे बरोबर होते, पण कुत्रा साक्षीला उभा केल्यावर निकाल अन्नाच्या बाजूने लागला. आणि ओट? धान्यांमध्ये सर्वात वाईट तेच ठरलं. धान्यातलं फायटिक ॲसिड कॅल्शियम धरून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही, हा उलगडा पुढे झाला.

आता ज्या भागासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाग्राने थैमान घातलं होतं. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब, मग भ्रम, मग मरण. मळ्यांवर राबणारे कुळवाडी, कापड गिरण्यांचे कामगार, अनाथाश्रमांतली मुलं, सगळे मक्यावर जगणारे. त्याच भागातल्या कुत्र्यांना एक रोग व्हायचा, त्याला लोक 'काळी जीभ' म्हणत. तोंड सडायचं, जीभ काळीनिळी पडायची, रक्ताचे जुलाब होऊन कुत्रा मरायचा. १९१७ साली येल विद्यापीठात चिटेंडन आणि अंडरहिल यांनी बिस्किटं, उकडलेले वाटाणे आणि सरकीचं तेल एवढंच घालून हा रोग मुद्दाम घडवून आणला. मांस दिलं की कुत्रे सुधारत. पेलाग्रा संसर्गाने नाही, निकृष्ट खाण्याने होतो हे ज्याने हट्टाने मांडलं, त्या जोसेफ गोल्डबर्गरने दाखवून दिलं की माणसाला पेलाग्रा करणारं जेवण कुत्र्याची जीभ काळी करतं, आणि यीस्टने दोघंही बरे होतात. तो १९२९ मध्ये वारला. १९३७ मध्ये विस्कॉन्सिनच्या कॉनराड एल्व्हेजेमने यकृतातून काढलेला पदार्थ काळ्या जिभेच्या कुत्र्याला दिला आणि कुत्रा बरा झाला. तो पदार्थ म्हणजे नायसिन. लगोलग माणसांवर वापरला, माणसं बरी झाली.

इथपर्यंतची गोष्ट पाठ्यपुस्तकात असते. तिचा पुढचा भाग आपल्याकडचा आहे, आणि तो कमी सांगितला जातो.

हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत (हीच पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली) सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांना एक कोडं पडलं होतं. पेलाग्रा हा मका खाणाऱ्यांचा रोग, मग दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांना तो का होतो? ज्वारीत नायसिन काही तांदळापेक्षा कमी नसतं, आणि भात खाणाऱ्यांना तर पेलाग्रा होत नाही. १९६० मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडलं की ज्वारीतलं ल्यूसीन हे अमिनो आम्ल प्रमाणाबाहेर आहे आणि ते घोळ घालतंय. १९६५ मध्ये त्याच नियतकालिकात बी. बेलवडी आणि गोपालन यांचा निबंध आला: ज्वारीचा आहार देऊन कुत्र्यांमध्ये काळी जीभ निर्माण करता आली.

मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन मिनिटं नुसती बसून होते. ज्वारीची भाकरी! जिच्यावर माझ्या आईकडचा अख्खा गोतावळा वाढला, मोत्यासकट. ल्यूसीनचा सिद्धांत सगळ्यांनी मान्य केला असं नाही, इतर प्रयोगशाळांना तसंच घडवून दाखवता आलं नाही आणि वाद बराच काळ चालला. पण एका गोष्टीवर वाद नव्हता. पेलाग्रा ज्वारी खाणाऱ्या प्रत्येकाला होत नव्हता. भाकरीसोबत ज्यांच्या ताटात डाळ, दूध, थोडं मटण पडायचं ते सुटायचे. ज्यांच्याकडे भाकरी आणि मीठ-मिरचीच होती ते सापडायचे. भूमिहीन मजुराच्या आणि प्रयोगातल्या कुत्र्याच्या खाण्यात साम्य होतं ते एवढंच: ताटाबाहेरून काही येत नव्हतं.

मेलनबीकडे परत जाते, कारण त्याचा दुसरा शोध मला पहिल्यापेक्षा जास्त घाबरवतो. १९२० च्या दशकापासून ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत कुत्र्यांना विचित्र झटके येऊ लागले होते. कुत्रा एकाएकी भेदरून भुंकत सैरावैरा पळायचा, भिंतींवर आदळायचा, मग आकडी यायची. 'कुत्र्यांचा हिस्टेरिया' असं नावच पडलं. कुणी जंतांना दोष दिला, कुणी संसर्गाला, कुणी मालकांच्या लाडांना. १९४६ मध्ये मेलनबीने दाखवलं की दोष पिठात आहे. पाव पांढराशुभ्र आणि हलका व्हावा म्हणून गिरण्या गव्हाच्या पिठाला नायट्रोजन ट्रायक्लोराईडचा वायू देत. व्यापारी नाव 'एजीन'. साध्या पिठाची बिस्किटं घातली तर झटके नाहीत, एजीनवाल्या पिठाची घातली की झटके. लक्षात घ्या, हे पीठ कुत्र्यांसाठी वेगळं बनवलेलं नव्हतं. त्याचाच पाव माणसंही खात होती. माणसांना त्याने अपाय झाल्याचं सिद्ध झालं नाही, तरी अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस आणि ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकाच्या मध्यात एजीन बंद झालं. कुत्र्यांना आधी का कळलं? माणूस पावासोबत आणखी दहा गोष्टी खातो. बिस्किटांवर पोसलेला कुत्रा फक्त बिस्किटं खातो.

मग 'नैसर्गिक संगोपन' हा शब्द याच काळात उचल खातो यात नवल नाही. ज्युलिएट द बैराक्ली लेव्ही ही मँचेस्टरची. पशुवैद्यकाचं शिक्षण अर्धवट सोडून जिप्सी आणि मेंढपाळांकडून वनौषधी शिकली, अफगाण हाउंड जातीची कुत्री वाढवली, आणि १९५५ मध्ये कुत्र्यांच्या वनौषधींवर पुस्तक लिहिलं. कच्चं मांस, आठवड्यातून एक उपास, मोकळी हवा, भरपूर पळणं. आजचे कच्च्या आहाराचे पुरस्कर्ते तिला आद्य गुरू मानतात. तिच्या आहारात दुधात भिजवलेलं धान्यही होतं हे मात्र सोयीस्कर विसरतात. तिची औषधं मी डोळे मिटून घेणार नाही. डिस्टेंपरवर लसच हवी, पाला नव्हे. पण बंद कुत्रा आणि मोकळा कुत्रा यांच्या पोषणाचा प्रश्न वेगळा आहे, हे तिला दिसलं होतं. धान्याला हद्दपार करणं नंतरचं. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी कच्च्या मांसल हाडांवर पुस्तक लिहिलं आणि वारं फिरलं.

दोन अलीकडच्या घटना थोडक्यात. २००७ च्या वसंतात उत्तर अमेरिकेत पाकिटातलं खाणं खाऊन कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये प्रथिनं जास्त दिसावीत म्हणून मेलामाइन मिसळलं होतं. पुढच्याच वर्षी चीनमध्ये तेच मेलामाइन तान्ह्या मुलांच्या दूधपावडरीत सापडलं. सहा बाळं दगावली, सुमारे तीन लाख आजारी पडली. आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलं की हृदय पसरट होण्याच्या विकाराच्या काही नोंदी आल्यात, आणि त्यातले बरेच कुत्रे 'धान्यविरहित' खाण्यावर होते, ज्यात धान्याऐवजी वाटाणे-मसूर भरलेले असतात. कारण-परिणाम अजून सिद्ध झालेला नाही. पण 'नैसर्गिक' म्हणून महाग विकलेल्या पाकिटांबाबत ही शंका यावी, हे बोलकं आहे.

आता तुमच्या फ्लॅटमधल्या कुत्र्याकडे येऊ. शहरातल्या मराठी घरांत बहुतेकदा मधला मार्ग असतो: उकडलेलं चिकन आणि भात. प्रेमाने केलेलं, ताजं, कसलीही भेसळ नसलेलं. फक्त बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही, भातातही नाही. वाढत्या पिल्लाला महिनोन्‌महिने एवढंच घातलं तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेतं आणि हाडं ठिसूळ होतात. लांडगा नुसतं मांस खात नाही. तो हाडं, यकृत, आतडी, सगळं खातो. घरी करून घालायचं असेल तर जरूर घाला, पण डॉक्टरकडून नीट प्रमाण लिहून घ्या, 'थोडं चिकन, थोडा भात' असं तोंडी नको. चौथ्या मजल्यावरच्या कुत्र्याला वाडग्याबाहेर काही मिळत नाही. मेलनबीच्या पिल्लांसारखाच तोही बंद आहे, तुम्ही त्याला कितीही जीव लावत असलात तरी.

मोत्याचं तसं नव्हतं. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात, ऐन ज्वारीच्या पट्ट्यात, अबी तामीम वनक आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी मोकाट कुत्रे आणि खोकड काय खातात याचा अभ्यास केला होता. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. खोकड उंदीर, किडे, फळं यांच्यावर जगतात. कुत्र्यांचं खाणं मुख्यतः माणसाकडूनच आलेलं, पण त्याचा अर्थ फक्त दारात टाकलेली भाकरी असा नाही. शेतातलं उरलेलं, उकिरडा, मेलेली जनावरं, सगळंच.

परवा मी मावशीला फोन केला आणि विचारलं, मोत्या दूध-भाकरीशिवाय आणखी काय खायचा? "काही नाही गं, भाकरीच," ती म्हणाली. मग थांबली. उंदीर मारायचा, ते खायचा म्हणे. रविवारी खाटकाच्या दुकानामागे जाऊन बसायचा. गाय व्याली की वार पळवायचा, त्यावरून मामा त्याच्यामागे काठी घेऊन धावलेले. शेजारच्यांच्या कोंबडीची अंडी दोनदा पकडली होती त्याच्या तोंडात. "आणि परसाकडच्या वाटेवर काय काय खायचा ते आता तुझ्या त्या लेखात लिहू नकोस बाई," असं म्हणून तिने फोन ठेवला.